गाडीचं ॲव्हरेज कुठे जातं?

फेरी मारून गाडी आत आली तरी मिस्त्री बॉनेट उघडत नाहीत. ते वाकतात आणि चारही चाकांजवळ एकेक करून तळहात नेतात. रिमला हात लावायचा नाही, दोन बोटांचं अंतर राखायचं. पुढची दोन्ही चाकं कोमट लागतात, कारण ब्रेकचा मुख्य भार त्यांच्यावरच असतो. मागचं उजवं जवळजवळ गार. मागच्या डाव्या चाकापाशी मात्र हात थांबतो आणि पटकन मागे येतो.

“ताई, हे चाक ब्रेक धरतंय. तुम्ही पाय काढलात तरी ते सोडत नाही.”

ताई शिक्षिका आहेत. वडगावहून सदाशिव पेठेतल्या शाळेत जायचं आणि दुपारी परत यायचं, एवढाच गाडीचा रोजचा प्रवास. गाडी नऊ वर्षांची, बाराशे सीसीची पेट्रोल हॅचबॅक. पूर्वी शहरात पंधराच्या आसपास ॲव्हरेज द्यायची, पावसाळ्यानंतर ते दहावर आलं. त्या आधी दुसऱ्या एका ठिकाणी जाऊन आल्या होत्या. तिथे ऑक्सिजन सेन्सर बदलायचा आणि इंजेक्टर साफ करायचे, असं अंदाजपत्रक हातात पडलं होतं. गाडीला जॅक मात्र कोणी लावला नव्हता.

सिंहगड रस्त्याच्या आतल्या गल्लीतलं हे गॅरेज तीन गाड्या मावतील एवढंच. ॲव्हरेजची तक्रार आली की इथल्या कामाचा क्रम ठरलेला असतो आणि तो बहुतेक ग्राहकांच्या अपेक्षेच्या उलट चालतो. पहिल्यांदा हिशोब, मग रस्ता, मग चाकं, त्यानंतर स्कॅनर. सुटा भाग बदलायचा विषय निघालाच तर सर्वांत शेवटी.

हिशोबाच्या पायरीवरच निम्म्या तक्रारी ढासळतात. कोणी डॅशबोर्डवर दिसणारा आकडा सांगतं. तो आकडा कॉम्प्युटरने काढलेला अंदाज असतो आणि अनेक गाड्यांत तो खऱ्यापेक्षा थोडा चढाच निघतो. कोणी दोन हजारांचं पेट्रोल टाकतं आणि काटा खाली येईपर्यंतचे किलोमीटर मोजतं. यातून खरं काही कळत नाही. टाकी फुल करायची, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद पडलं की थांबायचं, ट्रिप मीटर शून्यावर आणायचा. पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर पुन्हा तसंच भरायचं आणि चाललेल्या किलोमीटरना या दुसऱ्या वेळी लागलेल्या लिटरनी भागायचं. नोझल बंद पडल्यावरही गळ्यापर्यंत ठासून भरणाऱ्यांना मिस्त्री हटकतात. टाकीतली वाफ शोषून घेणाऱ्या डब्यात त्यामुळे पेट्रोल शिरू शकतं आणि तो बिघडतो. ताईंच्या डायरीत तीन टाक्यांची नोंद होती. शेवटची ३१२ किलोमीटरला २९.७ लिटर, म्हणजे साडेदहा. तक्रार खरी होती.

पंपावर माप कमी मिळतं अशी शंका असेल तर तिचंही निरसन तिथल्या तिथे होतं. प्रत्येक पंपावर वैधमापन विभागाने तपासून मुद्रांकित केलेलं पाच लिटरचं माप ठेवावं लागतं आणि ग्राहक ते भरून दाखवायला सांगू शकतो. हा हक्क वापरणारे फार थोडे.

रस्त्यावरची फेरी मिस्त्री स्वतः मारतात. गर्दी नसलेला सपाट तुकडा बघून ताशी चाळीसला गाडी न्यूट्रल करायची आणि सोडून द्यायची. निरोगी गाडी बराच वेळ घरंगळत राहते. ही लवकर बसली. पद्धत गल्लीतली वाटली तरी तिच्यामागचं शास्त्र पक्कं आहे. नव्या गाडीची चाचणी घेतानाही अशीच गाडी वेगात नेऊन सोडून देतात, ती कशी मंदावते ते मोजतात आणि त्यावरून रस्त्याचा व हवेचा विरोध ठरवतात.

मग जॅक. डावं मागचं चाक हवेत उचलून हाताने फिरवलं तर ते अर्ध्या फेरीत खर्रकन थांबलं. उजवं सहज दोन-तीन फेऱ्या गेलं. ड्रम उतरवल्यावर कारण दिसलं. हँडब्रेकची केबल आवरणाच्या आत गंजली होती. पावसात पाणी आणि चिखल आत शिरतो, केबल जड होते. दांडा खाली केला तरी ती पूर्ण मागे सरकत नाही आणि ब्रेक शू ड्रमला घासत राहतात. असा घासणारा ब्रेक चालकाला जाणवतोच असं नाही, कारण इंजिन तेवढी ताकद निमूटपणे देत राहतं. जळलेल्या पेट्रोलमधल्या ऊर्जेचा जेमतेम पाव भाग चाकांपर्यंत पोहोचतो, बाकीची उष्णता होऊन सायलेन्सर आणि रेडिएटरवाटे निघून जाते. चाकांपर्यंत पोहोचणाऱ्या ऊर्जेतून ब्रेक सतत आपला वाटा काढत असेल तर आकडा कोसळणारच. पुढच्या डिस्क ब्रेकमध्ये असाच दोष कॅलिपरच्या पिना सुकल्या की होतो. समुद्राकाठच्या दमट हवेत उभ्या राहणाऱ्या गाड्यांना हे दुखणं जास्त.

टायरचं प्रकरण त्याहून साधं आणि त्याहून दुर्लक्षित. चालकाच्या दाराच्या चौकटीवर हवेचा दाब छापलेलं स्टिकर असतं. या गाडीवर ३० पीएसआय लिहिलं होतं. गेजने तीन टायरमध्ये २३ आणि एकात २१ दाखवले. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा हिशोब असा की चारही टायरमधला दाब सरासरी एक पीएसआयने उतरला की ॲव्हरेज सुमारे ०.२ टक्क्यांनी घटतं. म्हणजे इथे दीड टक्का. आकडा लहान आहे, पण तो भरून काढायला एक पैसा लागत नाही, शिवाय टायरच्या कडा झिजायच्या वाचतात. दाब मोजायचा तो टायर गार असताना, कारण गाडी चालून आली की हवा तापून आकडा चढलेला असतो. पंपावरच्या हवावाल्याला ‘किती भरू’ असं विचारावं लागतं, इथेच सगळं आलं. ते उत्तर गाडीच्या मालकाकडे असायला हवं.

टायरचीच आणखी एक गमतीची बाजू मिस्त्रींना ठाऊक आहे. हौसेने मूळ मापापेक्षा मोठे टायर चढवलेल्या गाडीचं चाक एका फेरीत जास्त अंतर कापतं, पण किलोमीटरचा आकडा जुन्याच मापाने पुढे सरकतो. प्रत्यक्ष चाललेलं अंतर जास्त, दिसणारं कमी. अशा गाडीचं ॲव्हरेज थोडं पडलेलं दिसतं ते काही अंशी फक्त कागदावरच पडलेलं असतं, हे आधी तपासावं लागतं.

आता कुठे स्कॅनर निघाला. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट असतं, भारतात २०१३ नंतरच्या गाड्यांमध्ये ते सर्रास सापडतं. त्यात वायर जोडली की इंजिनचा कॉम्प्युटर काय बघतो आहे ते स्क्रीनवर येतं. मिस्त्री फॉल्ट कोडकडे ओझरतं बघतात. त्यांचं लक्ष चालू आकड्यांवर असतं. ऑक्सिजन सेन्सरचा व्होल्टेज ०.१ ते ०.९ च्या दरम्यान झरझर वरखाली होत होता. असा नाचणारा आकडा ही तो जिवंत असल्याची खूण, मरू घातलेला सेन्सर आळसावतो किंवा एका जागी अडकतो. जो भाग बदलायला सांगितला होता तो धडधाकट होता.

दोष दुसऱ्या ओळीत होता. वीस मिनिटं गाडी चालवून आणल्यावरही कूलंटचं तापमान ६८ अंशांवर. ते ८५ ते ९५ च्या घरात हवं. थर्मोस्टॅट उघडा अडकला होता. थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याच्या वाटेवरची छोटी झडप. इंजिन गार असेपर्यंत ती बंद राहून पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही, त्यामुळे इंजिन लवकर तापतं. ती उघडीच राहिली तर इंजिन कायम कोमट. कोमट इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, ओलं सरपण लावलेल्या चुलीसारखी गत होते, आणि कॉम्प्युटर ते भरून काढायला पेट्रोल वाढवतो. तेलही दाट राहून घर्षण वाढतं. डॅशबोर्डवर यातलं काही दिसत नाही. गाडी गरम होत नाही म्हणून मालक उलट खूश असतो. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅटच काढून फेकण्याचा उद्योग आपल्याकडे वर्षानुवर्षं चालत आला आहे. हा इलाज कायमचा बंद व्हायला हवा. अशा गाड्या आयुष्यभर जास्त पेट्रोल पितात आणि त्यांचं इंजिनही लवकर झिजतं.

ताईंच्या प्रवासाला हा दोष दुप्पट महाग पडत होता. शाळा आठ-नऊ किलोमीटरवर. इतक्या अंतरात चांगलं इंजिनसुद्धा जेमतेम तापून उठतं तोवर पोहोचायची वेळ होते. त्यात सिंहगड रस्त्यावरची रांग. उभ्या गाडीचं छोटं पेट्रोल इंजिन तासाला अर्धा लिटर सहज जाळतं, एसी चालू असेल तर त्याहून जास्त, आणि त्या वेळात किलोमीटर शून्य. हाफ क्लचवर सरकत राहायची सवय असेल तर क्लच प्लेटही त्यात झिजते. ती घसरायला लागली की घाटात आरपीएम चढतो पण वेग चढत नाही.

एअर फिल्टरबद्दल मात्र मिस्त्रींचं मत बहुतेकांपेक्षा वेगळं आहे आणि ते बरोबर आहे. कार्ब्युरेटरच्या काळात फिल्टर तुंबला की मिश्रणात पेट्रोल वाढायचं. आजची फ्युएल इंजेक्शनची गाडी आत आलेली हवा मोजून तेवढंच पेट्रोल सोडते. त्यामुळे मळका फिल्टर पिकअप मारतो, ॲव्हरेज फारसं नाही. फिल्टर वेळेवर बदलावा, पण त्यातून तीन-चार किलोमीटर परत येतील अशी आशा कोणी विकली तर घेऊ नये. इंजिन ऑइलचं तसं नाही. पुस्तिकेत पातळ ऑइलचा ग्रेड दिलेला असताना जाड ऑइल ओतलं तर पंपापासून पिस्टनपर्यंत सगळं जड फिरतं.

अलीकडे प्रत्येक तक्रारीच्या मागे एक नाव घेतलं जातं, ते इथेनॉलचं. महाराष्ट्राला हा विषय परका नाही, आपल्या साखर कारखान्यांतून ते मोठ्या प्रमाणात तयार होतं. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते. पेट्रोलमध्ये ते वीस टक्के मिसळलं की प्रत्येक लिटरमागे ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी घटते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही, मुळात शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि दहा टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकींसाठी हाच सहा-सात टक्क्यांचा अंदाज दिला आहे. वीस टक्क्यांसाठी जुळवलेल्या नव्या गाड्यांना तो एक-दोन टक्के आहे. हा तोटा खरा आहे आणि तो ग्राहकाच्या खिशातून जातो, हे मोकळेपणाने सांगायला हवं. स्कॅनरवरही त्याची खूण दिसत होती. इथेनॉल स्वतःसोबत ऑक्सिजन आणतं, त्यामुळे मिश्रण जुळवायला कॉम्प्युटर काही टक्के इंधन वाढवून देत होता. पण पंधराचे सात टक्के म्हणजे एक किलोमीटर. पंधराचं चौदा इथेनॉलने होईल, दहा होणार नाही. इथेनॉलच्या नावाखाली घासणारा ब्रेक दुर्लक्षिला जात असेल तर ते मालकाचं दुहेरी नुकसान आहे.

केबल, थर्मोस्टॅट, कूलंट आणि हवा. एवढ्या कामानंतर पुढच्या दोन टाक्यांना गाडीने साडेतेराच्या वर ॲव्हरेज दिलं. ताईंनी विचारलं, कंपनीने तर बावीस सांगितलं होतं, ते कधी येणार?

ते येणार नाही, कारण ते या रस्त्यावर मोजलेलंच नाही. जाहिरातीतले आकडे अधिकृत चाचणी संस्थांच्या प्रमाणपत्रातून येतात. त्यातली सर्वांत परिचित संस्था पुण्यातच, वेताळ टेकडीवर आहे. ती म्हणजे १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय. ज्या चाचणीतून हे आकडे आले ती गाडी रोलरवर ठेवून होते आणि ११८० सेकंदांत संपते. सरासरी वेग ताशी सुमारे ३२ किलोमीटर, कमाल ९०. एसी बंद. खड्डा, चढ आणि मागून हॉर्न वाजवणारी बस तिथे नसते. किती इंधन जळलं तेही धुरातला कार्बन मोजून काढतात. यात फसवणूक नाही. सगळ्या गाड्या एकाच मापाने मोजून एकमेकींशी ताडून बघता याव्यात, हा त्या आकड्याचा उपयोग. तो आपल्या प्रवासाचं भाकीत म्हणून वाचायचा नसतो.

महामार्गावर गणित आणखी बदलतं. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ८० वरून १०० वर गेलं की तो दीडपटीहून अधिक होतो. गणपतीला कोकणात जाताना टपावर बसवलेलं कॅरिअर दिवाळीपर्यंत तसंच राहतं आणि रिकामं असूनही प्रत्येक किलोमीटरला हवेशी झुंजत असतं. ते उतरवायला दोन पाने आणि दहा मिनिटं पुरतात.

ॲव्हरेज पडलं म्हणून गॅरेज गाठाल तेव्हा तीन टाक्यांचा लिहिलेला हिशोब सोबत न्या. गाडी फेरी मारून आली की चारही चाकांजवळ हात नेऊन बघायला सांगा. आणि कुठलाही सेन्सर बदलायला होकार देण्याआधी त्याचा चालू आकडा स्क्रीनवर स्वतःच्या डोळ्यांनी बघा. तो दाखवायला जो नकार देतो, त्याच्याकडून भाग बदलून घेऊ नका.