वाऱ्यातील लाटा आणि रोजची नोंद

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना भोर तालुक्यातील शिवरे हे गाव लागते. जुलै महिन्यात तेथे पावसाची थोडी उघडीप मिळाली, तर पाच मिनिटे मान वर करून पाहावे. खालचे काळे ढग सह्याद्रीच्या बाजूने पूर्वेकडे धावत असतात. त्यांच्यात फट पडली, की फार उंचावरचे, पिंजलेल्या कापसासारखे ढग दिसतात, आणि त्यांची वाट नेमकी उलट, पूर्वेकडून पश्चिमेकडे असते. एकाच शिवारावर दोन वारे! उंचावरच्या या वेगवान पूर्वेच्या वाऱ्याची ओळख डॉ. पी. कोटेश्वरम् यांनी १९५८ साली शास्त्रज्ञांना करून दिली.

हे दोन वारे डोळ्यांना दिसतात. परंतु याच हवेत लाटाही चालतात, त्या मात्र दिसत नाहीत. भाटघरच्या जलाशयावर लाट येते तेव्हा पाण्यावरचे पान जागच्या जागी वरखाली होते, लाट पुढे निघून जाते. हवेतल्या लाटेत तसाच वारा हेलकावतो: दोन दिवस दक्षिणेकडून, मग दोन दिवस उत्तरेकडून. अशा एका लाटेची लांबी दहा हजार किलोमीटर, म्हणजे पृथ्वीच्या घेराचा चौथा हिस्सा भरू शकते. तिच्याखाली उभ्या असलेल्या माणसाला ती कळावी कशी?

कळते ती फुग्याने. हायड्रोजन भरलेला फुगा सोडायचा आणि दुर्बिणीने मिनिटामिनिटाला त्याचे कोन टिपायचे. तो वाहवत जातो तिकडे वारा. पण पावसाळ्यात फुगा ढगात शिरला की हिशेब संपला. हवामान खात्याची कचेरी १९२८ साली सिमल्याहून पुण्यास आली. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरपासून येथून नोंदयंत्र टांगलेले फुगे सोडले जाऊ लागले. फुगा उंचावर फुटे आणि यंत्र कोणाच्या तरी शेतात पडे. ते आणून देणाऱ्यास बक्षीस देण्याची पद्धत होती. म्हणजे या शास्त्राला शेतकऱ्याचाही हात लागलेला आहे, हे विसरू नये. पुढे यंत्रे बिनतारी संदेश पाठवू लागली. आज जगभर ठराविक घटकेला फुगे सुटतात. आपल्याकडे त्या वेळा पहाटे आणि सायंकाळी साडेपाचच्या सुमाराच्या.

आम्ही शाळेत हे शास्त्र शिकलो नाही. आमचे आयुष्य कामगारांच्या पाळ्या आणि हजेरीपट यांत गेले. एका दिवसाच्या हजेरीपटावरून कारखान्याचे काहीच कळत नाही. वर्षाचा पुढ्यात घेतला की कोणत्या खात्यात माणसे कधी आजारी पडतात ते आपोआप दिसू लागते. वाऱ्याचेही तसेच आहे. चार-पाच दिवसांच्या लाटेत निरीक्षकाचे दोन दिवस चुकले, तर लाट कागदावरून पुसली जाते.

पॅसिफिक महासागरातील मार्शल बेटांवर १९५८ साली अमेरिकेने अणुबाँबच्या चाचण्या केल्या. त्यासाठी त्या भागात फार दाट फुगे सोडले गेले. त्या नोंदी पुढे मिचिओ यानाई आणि ताकेतो मारुयामा या जपानी शास्त्रज्ञांनी चाळल्या आणि १९६६ साली दाखविले, की सुमारे वीस किलोमीटर उंचीवर दर चार-पाच दिवसांनी उत्तर-दक्षिण वारा पालटतो आणि ती लाट पश्चिमेकडे सरकते. (बाँबचे समर्थन म्हणून कोणी हे उदाहरण देऊ नये.) त्याच वर्षी तारो मात्सुनो यांनी गणिताने अशा लाटांची उपपत्ती मांडली. पृथ्वीच्या फिरण्यामुळे वाहती हवा उत्तर गोलार्धात उजवीकडे आणि दक्षिण गोलार्धात डावीकडे वळते. विषुववृत्तावर हे वळणे शून्य होते. म्हणून पूर्वेकडे निघालेली हवा दोन्ही बाजूंनी विषुववृत्ताकडेच लोटली जाते. स्थूलमानाने सांगायचे, तर विषुववृत्त हा लाटांचा पाट होय.

याहून संथ लाट १९७१ साली मॅडन आणि ज्युलियन यांना सापडली. कँटन नावाच्या एका लहानशा बेटावरील जवळजवळ दहा वर्षांच्या नोंदींत त्यांना चाळीस ते पन्नास दिवसांचा झोका दिसला. कोणी तरी त्या एकाकी बेटावर दहा वर्षे फुगे सोडीत राहिले, म्हणून!

आता शिवऱ्याकडे परतू. पुण्याच्या संस्थेतील डी. आर. सिक्का आणि मूळच्या पुण्याच्याच सुलोचना गाडगीळ यांनी उपग्रहांची रोजची चित्रे तपासून १९८० साली दाखविले, की पावसाळ्यात विषुववृत्ताजवळून ढगांचा पट्टा दोन ते सहा आठवड्यांच्या अंतराने उत्तरेकडे सरकत येतो. तो मध्य भारतावर असला की आपल्याकडे पाऊस. तो विरला किंवा हिमालयाच्या पायथ्याशी गेला की खंड. २००२ च्या जुलैत असा खंड लांबला आणि देशात त्या महिन्याचा पाऊस जवळजवळ निम्माच झाला. भाताचे रोप तीन-चार आठवड्यांचे झाले की लावावे लागते. खाचरात पाणी नसेल तर ते वाफ्यातच जून होते, आणि जून रोपाला फुटवे कमी येतात. खंड पंधरा दिवस आधी कळला, तर पेरणी दोन टप्प्यांत करता येते.

हवामान खाते आता दर आठवड्यास पुढील चार आठवड्यांचा अंदाज देते. त्यातले पहिले दोन आठवडे बरेच भरवशाचे, पुढचे दोन कमी. शिवाय तो ‘मध्य महाराष्ट्र’ या सबंध विभागाचा. त्यात वेल्ह्याचा मुसळधार पाऊस आणि सोलापूरची कोरड एकाच खात्यावर मांडलेली असते. तेव्हा शिवऱ्याच्या शेतकऱ्याने त्यात आकडा शोधू नये. ढगांचा पट्टा येत आहे की जात आहे, एवढे पाहावे.