मंदावलेल्या इंटरनेटची चौकशी

भारतात १ ऑक्टोबर २०२२ रोजी पाचव्या पिढीच्या मोबाइल सेवेचा आरंभ झाला, आणि पुढच्याच वर्षी मुंबई, दिल्ली, पुणे अशा शहरांतून तारेवाचून, केवळ मोबाइलच्या लहरींवर घरोघर ब्रॉडबँड पुरवण्याचा उद्योग मोठ्या कंपन्यांनी हाती घेतला. तथापि त्याच्याही पूर्वीपासून, जेथे फायबर पोहोचलेले नाही अशा कोकणातल्या वाड्यांतून, सिम घातलेला एखादा राऊटर कपाटावर ठेवून सगळ्या घराने त्याच्यावर निभावून नेण्याचा रिवाज पडलेला आहे. मुलीचा अभ्यास, मुंबईच्या मुलाचा व्हिडिओ कॉल, सातबाऱ्याचा उतारा, विजेचे बिल ही सारी कामे त्या एका पेटीवर अवलंबून असल्यामुळे ‘नेट स्लो आहे’ म्हणजे घराचा अर्धा व्यवहारच खोळंबतो. आणि मग मनुष्य उद्वेगाने एक तर अधिक दराची योजना घेतो किंवा कंपनी बदलतो. माझ्या मते हे दोन्ही इलाज शेवटचे होत. दोष नेमका कोठे आहे, याची तजवीज आधी झाली पाहिजे.

इंटरनेट आपल्यापर्यंत दोन टप्प्यांत येते: टॉवर ते राऊटर हा एक टप्पा, आणि राऊटर ते आपला फोन हा वाय-फायचा दुसरा. दोष यांपैकी कोणत्या टप्प्यात आहे हे कळण्यासाठी लॅपटॉप लॅन केबलने थेट राऊटरला जोडून स्पीड टेस्ट करावी. केबलवर वेग चांगला आणि वाय-फायवर वाईट आढळला, तर दोष घरातल्या भिंतींचा व अंतराचा आहे, आणि त्याबद्दल कंपनीला बोल लावण्यात अर्थ नाही. महिन्याची डेटा-मर्यादा संपली नाही ना, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे, कारण अनेक योजनांत ती संपताच वेग ६४ केबीपीएसवर उतरतो.

केबलवरही वेग रडतखडतच असेल, तर पहिल्या टप्प्याकडे वळावे. ब्राउझरमध्ये राऊटरच्या मागे छापलेला पत्ता (बहुधा १९२.१६८.१.१) टाकला की जे पान उघडते, त्यावर ‘आरएसआरपी’ या नावाने टॉवरच्या रेंजचा आकडा दिसतो. हा आकडा उणे असतो व शून्याकडे सरकेल तितका चांगला: उणे ८० उत्तम, उणे १०० जेमतेम, उणे ११० च्या पलीकडे दुर्बल. दहा अंकांचा फरक म्हणजे शक्तीत दहापट फरक. राजापूर तालुक्यातील एका घरी, जांभ्याच्या जाड चिऱ्यांनी चहूकडून वेढलेल्या माजघरात उणे ११२ दाखवणारा राऊटर लांब वायर लावून माळ्याच्या, टॉवरच्या दिशेच्या खिडकीत नेला, तेव्हा तोच आकडा उणे ९८ वर आला; म्हणजे एका पैशाचाही खर्च न करता सुमारे २५ पट शक्ती लाभली. पावसाने भिजलेला चिरा आणि छपराचा पत्रा या लहरींचे हाडवैरी आहेत. शेजारचा ‘एसआयएनआर’ हा आकडा गोंगाटाच्या मानाने लहरींचे बळ किती ते सांगतो व तो अधिक असलेला बरा. दोन टॉवरांच्या लहरी एकमेकींत मिसळतात अशा जागी राऊटर वीतभर सरकवल्यानेही तो बदलतो, म्हणून ही पारख सावकाश, जागोजागी थांबून करावी.

लहरींचे स्वभावही भिन्न आहेत. ७००, ८५० किंवा ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी दूर जातात, भिंती भेदतात, परंतु त्यांचा पट्टा अरुंद असल्यामुळे भार थोडा पेलतात. २३०० किंवा ३३०० मेगाहर्ट्झच्या लहरी पुष्कळ भार वाहतात, पण भिंतीपाशी अडखळतात. त्यामुळे राऊटर आतल्या खोलीत असला की तेथवर पहिल्या प्रकारच्याच लहरी पोहोचतात, आणि रेंज पुरेशी दिसूनही वेग मिळत नाही.

इतके करूनही पहाटे भरधाव आणि रात्री नऊला ठप्प असा प्रकार राहिला, तर टॉवरवरच गर्दी आहे असे समजावे, कारण त्याची क्षमता परिसरातील सर्वांत वाटली जाते. गणपतीत चाकरमानी गावी आले की हा अनुभव कोकणात सर्वांनाच येतो. येथे ग्राहकाच्या हाती काही नाही, आणि म्हणूनच येथे त्याने गप्प बसू नये. दूरसंचार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये ब्रॉडबँडसाठी किमान २ एमबीपीएस वेगाची व्याख्या केली आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरण वैयक्तिक तक्रारी स्वतः चालवीत नाही. तक्रार प्रथम कंपनीच्या केंद्राकडे नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा लागतो, आणि निवारण न झाल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे ३० दिवसांच्या मुदतीत दाद मागता येते. या अपिलासोबत सकाळ, दुपार व रात्र अशा वेळांचे, केबल लावून घेतलेले वेगाचे आकडे तारीखवार जोडावेत.