काचेतील प्रवाळबाग वाढू लागते तेव्हा



टेंभुर्णीपासून समुद्र तीनशे किलोमीटरच्या आसपास लांब. उसाच्या आणि डाळिंबाच्या या मुलखात प्रवाळाची गोष्ट कशाला, असे कोणी विचारील. पण उजनीच्या पाण्यावर बाग जोपासणाऱ्या माणसाला ही गोष्ट मुंबईकरापेक्षा लवकर समजेल, असे मला वाटते. तिचे सारे मर्म दाटी, छाटणी आणि खताचा हिशेब यांतच आहे.

प्रवाळ म्हणजे दगड नव्हे आणि झाडही नव्हे. तो प्राणी आहे. इवले इवले मऊ जीव एकमेकांना चिकटून वसाहत करतात आणि आपल्या खाली चुनखडीचे घर बांधत जातात. त्यांच्या अंगात डोळ्यांना न दिसणारे शेवाळ राहते. ते उजेडावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देते. म्हणून या प्राण्याला झाडासारखा उजेड लागतो. सोनाराकडचे लाल पोवळे मात्र याच्या लांबच्या नात्यातले; ते अंधाऱ्या कपारींत वाढते आणि त्याच्या अंगात हे शेवाळ नसते.

परदेशात पुष्कळ लोक घरी काचेच्या टाकीत अशी जिवंत बाग ठेवतात. पहिले वर्ष ती जगवण्यात जाते. शुद्ध पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम या प्रमाणात समुद्री मीठ, २५-२६ अंश उष्णता, आणि पाण्याला सतत हालचाल. आपल्या बोअरचे पाणी इथे चालत नाही. त्यात खतांचे नायट्रेट असले की टाकीत हिरवे शेवाळ माजते. पुढे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी प्रवाळ जोमाने वाढू लागतो, मालक खूश होतो, आणि नेमक्या तेव्हाच खऱ्या अडचणी सुरू होतात.

पहिली अडचण चुन्याची. समुद्राच्या पाण्यात दर लिटरला सुमारे ४०० ते ४२० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. समजा, २०० लिटरच्या टाकीत प्रवाळाने दहा ग्रॅम चुनखडी बांधली. म्हणजे चमचाभर झाली. त्यात चार ग्रॅम कॅल्शियम गेले, लिटरमागे वीस मिलिग्रॅम. एकूण साठ्याचा जेमतेम विसावा हिस्सा. काही बिघडले नाही असे वाटेल. पण चुनखडीला कॅल्शियमबरोबर कार्बोनेटही लागते, आणि त्याचा साठा पाण्यात मुळातच थोडा. तेवढ्याच चमचाभर चुनखडीत तो सुमारे चाळीस टक्के संपतो! कोठारात गहू भरपूर आणि डब्यात मीठच नाही, तशी गत. म्हणून जाणता मालक कॅल्शियमपेक्षा कार्बोनेटाची तपासणी अधिक वेळा करतो, आणि बाग मोठी झाली की रोज करतो. नव्या टाकीला पुरणारे प्रमाण जुन्या टाकीला पुरत नाही.

भर घालण्याची जुनी रीत आपल्या ओळखीची आहे: चुन्याची निवळी. टाकीतले जेवढे पाणी वाफ होऊन उडते तेवढीच शुद्ध चुन्याची निवळी थेंबथेंब सोडायची, तीही रात्री, कारण अंधारात पाण्याचा आम्लपणा वाढतो आणि निवळी तो सावरते. एकदम ओतली तर पाणी दुधासारखे होते व सगळा चुना तळाशी बसतो. बाग फार वाढली की निवळीही कमी पडते. मग कॅल्शियम क्लोराइड आणि खायचा सोडा यांची द्रावणे वेगवेगळी करून, वेगवेगळ्या वेळी घालतात. दोन्ही एकत्र केली की चुनखडी बाटलीतच तयार होते, प्रवाळाच्या वाट्याला काही येत नाही.

दुसरी अडचण दाटीची. फांद्यांचा प्रवाळ चांगल्या स्थितीत वर्षाला दहा सेंटिमीटर, कधी त्याहूनही अधिक वाढतो. गोलाकार जातींची वाढ मात्र अगदी सावकाश. वरचा पसारा खालच्यांचा उजेड अडवतो. फांद्यांच्या जाळीतून पाणी खेळत नाही, घाण साचते आणि बुडखा पांढरा पडून मरतो. डाळिंबाचे झुडूप आतून मोकळे ठेवण्याची जी कारणे, तीच इथे. शिवाय ही मंडळी गरीब दिसली तरी भांडखोर. काही जाती रात्री लांब दंशतंतू सोडून शेजाऱ्याला भाजून काढतात, तर काही आपल्या पोटातले तंतू बाहेर काढून शेजाऱ्याला जागच्या जागी पचवतात. म्हणून दोन वसाहतींत वीतभर अंतर राखावे लागते आणि वाढ झाली की कात्रीने छाटावे लागते. तुटलेला तुकडा चुनखडीच्या गोटीवर चिकटवला तर त्याची नवी वसाहत होते, उसाच्या कांडीसारखी. छाटताना हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. बटणासारख्या दिसणाऱ्या काही जातींत जबर विष असते. त्या चढलेले दगड उकळत्या पाण्यात टाकल्याने घरची माणसे आजारी पडली आहेत.

आता शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी नीट ऐकावे. कोणी तुमच्या शाळेच्या टाकीसाठी जिवंत प्रवाळ विकायला आणला, तर घेऊ नका. खडक बांधणारे सर्व प्रवाळ २००१ पासून १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीला. मुंबईच्या किनारी रस्त्यासाठी २०२० मध्ये हाजी अली व वरळी येथील १८ प्रवाळ वसाहती हलवायच्या होत्या, तर सरकारी कामालाही आधी परवानगी काढावी लागली आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांना बोलवावे लागले. मालवणजवळच्या समुद्रात आपले स्वतःचे प्रवाळ आहेत. तिथे १९८७ साली सागरी अभयारण्य जाहीर झाले. सहलीला गेलात तर मुलांना ते पाहू द्या, त्यावर पाय ठेवू देऊ नका आणि तुकडा पिशवीत घालू देऊ नका. मग शाळेत काय दाखवावे? गोड्या पाण्यातले मासे ठेवा, आणि प्रवाळाचे काम एका पेल्यात दाखवा.

पेल्यात चुन्याची स्वच्छ निवळी घ्या. काचनळीने हळूहळू फुंका. निवळी दुधी होते. श्वासातला वायू आणि चुना मिळून चुनखडी झाली. प्रवाळाच्या घराचा मालमसाला तो हाच. मग थांबू नका, फुंकतच राहा. थोड्या वेळाने दूध नाहीसे होऊन पाणी पुन्हा निवळते, कारण वायू जास्त झाला की तीच चुनखडी विरघळते. कारखान्यांच्या धुरातला हाच वायू समुद्रात मुरतो, तेव्हा प्रवाळाला घर बांधणे का जड जाते, हे मुलांना वेगळे सांगावे लागत नाही. निवळी तोंडात ओढली जाणार नाही याकडे मात्र लक्ष असू द्या, आणि ती डोळ्यांत उडाली तर लगेच भरपूर पाण्याने धुवा.