मातीतले अजिंक्य

कर्जत-खालापूरच्या कबड्डीरसिकांना हे दृश्य ओळखीचे आहे : गावच्या मातीत अजिंक्य ठरलेला संघ मॅटवर गेला की अडखळतो. फुटबॉलचेही तसेच. २०२२-२३ ची आयएसएल लीग शील्ड जिंकणारा मुंबई सिटी पुढच्याच हंगामात एएफसी चॅम्पियन्स लीगचे सहाही गटसामने हरला. असे का होते, याचे एक कारण इंग्लिश क्लबांच्या इतिहासात सापडते. १९७७ ते १९८४ या आठ वर्षांत युरोपियन कप सात वेळा इंग्लंडला गेला. १९८५ च्या हेझेल दुर्घटनेनंतर पाच वर्षांची बंदी आली. पुढचा कप मिळायला १९९९ उजाडले. घरची लीग चालूच होती. तुटला होता तो परक्या शैलीशी झुंजण्याचा सराव. म्हणून हरलेल्या पोरांना बोल लावण्याआधी विचारावे : त्यांना सरावाला मॅट मिळाली होती का?