पाटी इंटरनॅशनल, शाळा कुठे?

वेल्हे तालुक्याचं नाव आता राजगड झालं. याचा आनंद आहेच. पण त्याच तालुक्यात जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांचा पट एक आकडी झाला आहे, आणि खेड-शिवापूरपासून नसरापूरपर्यंत महामार्गाच्या कडेने ‘इंटरनॅशनल’ लिहिलेले फलक वाढत चालले आहेत. सकाळी पिवळ्या बस वाड्यावस्त्यांवरची मुलं उचलून नेतात. बापाने जमिनीचा तुकडा विकलेला असतो, त्यातून फी भरली जाते. भोर-वेल्ह्यातल्या हायस्कुलात इंग्रजी शिकवण्यात माझी नोकरी गेली. त्यामुळे हे बघून गप्प बसवत नाही.

नव्वदच्या आधीचं फार सांगण्यासारखं नाही. भोरला संस्थानाच्या काळापासून शिक्षणाची परंपरा होती. वेल्ह्याच्या खोऱ्यांत हायस्कूल उशिरा आलं. केळद, घिसर, पासलीकडची पोरं पावसात मैलोनमैल चालत यायची, ओल्या कपड्यांनी बाकावर बसायची. आम्ही त्यांना गाइड आणि ‘एकवीस अपेक्षित’ द्यायचो. निकालाची टक्केवारी फळ्यावर लिहायची, पुढच्या जूनला पुन्हा तेच.

मग 1997 साल आलं. शेजारच्या मुळशीत, पौडजवळच्या डोंगरावर महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज सुरू झालं. हरीश महिंद्रा यांच्या पुढाकारातून उभं राहिलेलं, ख्रिस्तोफर बेनिंजर यांनी आखलेलं. युनायटेड वर्ल्ड कॉलेज चळवळीची पहिली शाळा कुर्ट हान यांच्या कल्पनेतून 1962 मध्ये वेल्समध्ये निघाली होती. युद्धात एकमेकांवर बंदुका रोखलेल्या देशांची मुलं एका छताखाली राहिली, तर उद्या वेगळं वागतील, हा त्यामागचा विश्वास. अकरावी-बारावीच्या वयाची मुलं, दोन वर्षांचा आंतरराष्ट्रीय बॅकलॉरिएट अभ्यासक्रम. देशोदेशीच्या समित्या मुलं निवडतात आणि गरजेप्रमाणे शिष्यवृत्ती मिळते, म्हणून श्रीमंताचं आणि निर्वासिताचं पोर एका खोलीत राहू शकतं.

पुढची दहा वर्षं मी त्या डोंगराकडे डोळे लावून होतो. तिथल्या अभ्यासाबद्दल जे कळत गेलं, त्याने माझी झोप उडाली. सहा विषय, पण तेवढ्यावर सुटका नाही. प्रत्येकाने स्वतः प्रश्न निवडून चार हजार शब्दांपर्यंतचा शोधनिबंध लिहायचा. ‘आपल्याला जे माहीत आहे, ते कशावरून?’ याचा वेगळा तास. कला, खेळ आणि गावातलं सेवाकार्य केल्याशिवाय पदविका नाही. आणि मला सर्वांत मोलाची वाटलेली सोय अशी, की आपल्या भाषेचा शिक्षक शाळेत नसला तरी मुलाला मातृभाषेतल्या साहित्याचा अभ्यास करता येतो. मायबोली घेऊन जगात उतरायचं, असा तो अभ्यासक्रम सांगत होता. आज आमच्या रस्त्यावरच्या काही ‘इंटरनॅशनल’ शाळांत मधल्या सुट्टीत मराठी बोललं तर दंड होतो.

त्या दशकात मी नववीच्या वर्गाला एक काम दिलं होतं. आपल्या गावाविषयी एक प्रश्न शोधायचा, म्हाताऱ्यांना विचारायचं, लिहून आणायचं. गुंजवणी धरणात कुणाची जमीन जाणार, पानशेत 1961 मध्ये फुटलं तेव्हा या बाजूला काय झालं, रायरेश्वराच्या पठारावरचे जंगम पावसाळ्यात कसे राहतात, असे विषय आले. ज्यांना इंग्रजीत पाच वाक्यं जुळवता येत नव्हती, त्यांनी मराठीत बारा-बारा पानं लिहिली. संस्थेच्या एका पदाधिकाऱ्याने त्या वह्या चाळून विचारलं, ‘याला बोर्डात गुण किती?’ उपक्रम बंद झाला. स्टाफरूममध्ये ‘हे श्रीमंतांचे चोचले’ म्हणणारे सहकारी होते. वही, पेन आणि गावातला म्हातारा यांना पैसे पडत नाहीत, असं मी सांगितलं होतं, ऐकून घेतलं गेलं नाही.

पुढे वाट दिसली ती सरकारी शाळेतूनच. शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेने गावाच्या बळावर कायापालट केला. 2018 मध्ये राज्याने महाराष्ट्र आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळ काढलं आणि जिल्हा परिषदेच्या काही शाळा त्याला जोडल्या. मराठी माध्यमाच्या फुकट शाळेत जागतिक दर्जा, असं स्वप्न पहिल्यांदा कागदावर आलं. सरकार बदललं आणि 2020 मध्ये मंडळ बरखास्त झालं. मंडळात दोष असतील, ते दुरुस्त करता आले असते. एका सरकारने घाईत मांडायचं आणि दुसऱ्याने त्याच घाईत मोडायचं, यात मुलांचा विचार कुणी केला?

त्यानंतरचं सगळं उताराला लागलेलं. 2023 मध्ये कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ काढण्याचे प्रस्ताव मागवले गेले, आणि राज्यापुढे आदर्श ठेवला तो तोरणमाळबरोबर आमच्या पानशेतचा. पानशेतची इमारत चांगली आहे, मुलांना बसही आहे. पण डोंगरातली शाळा मिटली की त्या वाडीत शिकलेलं माणूस रोज येणं थांबतं, आणि रस्ता खचला की आधी मुलींची शाळा सुटते. 15 मार्च 2024 च्या संचमान्यतेच्या, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर हे ठरवण्याच्या, निर्णयाने तर कमी पटाच्या वर्गांवरची शिक्षकांची पदंच धोक्यात आणली.

तीस वर्षांकडे पाहून माझा निष्कर्ष स्पष्ट आहे. शाळेचा दर्जा फलकावर नसतो, मुलाला तिथे काय करायला लावतात यात असतो. पालकांनो, फी भरण्याआधी शाळेला विचारा: माझं पोर इथे स्वतःचा प्रश्न घेऊन काही शोधेल का? गावात उतरून काम करेल का? स्वतःच्या भाषेत मान वर करून लिहील का? आणि गावातली शाळा अजून उघडी असेल, तर तिच्या व्यवस्थापन समितीत जाऊन बसा. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने त्या समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत. पुढच्या ग्रामसभेत ‘आमची शाळा बंद होणार नाही’ असा ठराव घ्या, आणि त्याच ठरावात शिक्षकही मागा.