पोस्टिंग बदलली की…

आमच्या शाळेतून शिकून गेलेली एक मुलगी सध्या सरकारी रुग्णालयात इंटर्नशिप करते आहे. साडेचार वर्षांच्या एमबीबीएसनंतरचे हे सक्तीचे वर्ष फिरतीचे असते. मेडिसिन ६ आठवडे, सर्जरी ६, सामुदायिक आरोग्याचे तर १२. वॉर्डातल्या सिस्टरांशी ओळख होते, सामान कुठे असते ते कळते, तोच पुढची पोस्टिंग येते आणि पुन्हा नवखेपण. सर्जरीत टाके घालायला हात बसला, की मानसोपचारात नुसते ऐकत बसायचे.

प्रसूती विभागात तिची उर्दू कामी आली. आपल्या बायका मोठ्या डॉक्टरांसमोर "सब ठीक है" म्हणत आणि खरी तक्रार हिच्या कानात सांगत.

घरात मात्र आपण काय करतो? रात्रपाळी करून झोपलेल्या मुलीला पाहुण्यांसाठी उठवतो. लग्न ठरवताना "डिग्री झालीच ना, आता सोडून दे" म्हणणारेही आपल्यातच आहेत. इंटर्नशिप पुरी केल्याशिवाय डॉक्टर म्हणून कायमची नोंदणी होत नाही, हे त्यांच्या गावीही नसते. या मुलीच्या अब्बांनी मुलाकडच्यांना तेच स्पष्ट सांगितले आणि निकाहची तारीख पुढे ढकलली. रमजानात तिच्या बॅगेत इफ्तारीच्या खजुरांची डबी अम्मी न विसरता ठेवते.