आजीची खाज 'वयाची' म्हणून सोडू नका

वस्त्यांमध्ये आरोग्याचे काम करताना आम्ही एक वाक्य फार ऐकतो, "आजीला खाज सुटते, आता वयच झालं." मग मेडिकलमधून एखादी ट्यूब येते, दोन दिवस बरे वाटते आणि विषय संपतो. आजार मात्र राहतो.

उतारवयात कातडी पातळ होते, तिच्यातले तेल कमी होते. नडग्या, पाठ, हात कोरडे पडून खाजतात. हिवाळ्यात आणि कढत पाण्याच्या आंघोळीने हे वाढते. उपाय स्वस्त आहे. पाणी कोमट घ्यावे, साबण काखा-जांघांपुरताच वापरावा, अंग न घासता टिपावे आणि ओलसर असतानाच व्हॅसलीन किंवा खोबरेल लावावे. (तळव्यांना लावून लगेच चालू देऊ नये, पाय घसरतो.)

पंधरा दिवसांत फरक पडला नाही तर खाज केव्हा आणि कुठे येते ते विचारा. रात्री वाढत असेल, बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, कमरेभोवती पुरळ असेल आणि नातवंडेही खाजवत असतील, तर ती बहुधा खरूज. तिचा संबंध लोक अस्वच्छतेशी लावतात. पण एका खोलीत सहा-सात माणसे झोपत असतील तर ती पसरणारच. एकट्या आजीला औषध लावून ती जात नाही. डॉक्टर सहसा परमेथ्रिन मलम देतात. ते घरातल्या सगळ्यांनी, खाज नसली तरी, एकाच रात्री लावायचे, सकाळी धुवायचे आणि साधारण आठवड्याने पुन्हा लावायचे. तान्हे बाळ किंवा गरोदर बाई घरात असेल तर आधी तसे सांगावे. त्याच दिवशी कपडे, चादरी गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवाव्यात. औषधानंतरही खाज दोन-तीन आठवडे रेंगाळू शकते.

आम्हाला खरी चीड येते ती चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या स्टेरॉइडच्या ट्यूबची. खाज दबते, पण गजकर्ण असेल तर ते पसरत राहते आणि म्हातारी कातडी इतकी पातळ होते की साध्या धक्क्यानेही सोलवटते. ट्यूबवरची बारीक अक्षरे आजीला वाचता येत नाहीत, घरातल्या तरुणांना येतात. क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन दिसले तर ट्यूब घेऊनच डॉक्टरांकडे जा.

चट्टा फिकट किंवा लालसर आहे, खाजत नाही आणि त्यावर स्पर्शच कळत नाही, तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात औषध मोफत मिळते आणि ते सुरू झाल्यावर लवकरच लागण थांबते. तरीही म्हाताऱ्या माणसाचा पेला वेगळा ठेवणारी घरे आहेत, आपल्यातही आहेत. वेगळ्या पेल्याचा अर्थ आपल्याला दुसऱ्या कोणी समजावून सांगायला हवा का?

पुरळ काहीच नाही आणि सगळे अंग खाजते, तर मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड आणि साखर तपासावी लागते. विहारातल्या शिबिरात बीपी-शुगर होतेच. तिथेच ज्येष्ठांची पाठ, हातांची बोटे आणि तळवेही पाहायला डॉक्टरांना सांगा. आडोशाला एक चादर बांधली तर आजी पाठ दाखवायला संकोचत नाहीत.